पेप्टाइड संश्लेषणातील पटल-निस्यंदन

पेप्टाइड संश्लेषणातील पटल-निस्यंदन : ॲमिनो अम्लांचे रेणू ठराविक क्रमाने जोडून पेप्टाइड बनविताना प्रत्येक जोडणीनंतर उरलेली विक्रियाकारके व उपपदार्थ काढून टाकावे लागतात. वाढती शृंखला एखाद्या मोठ्या पण विद्राव्य रेणूला बांधून हे विलगीकरण कार्बनी विद्रावकातच (विरघळविणाऱ्या द्रवातच) सूक्ष्मछिद्री पटलाच्या साहाय्याने करण्याची ही पद्धती होय. पटलातून लहान रेणू निघून जातात व शृंखला मागे राहते.

एमील फिशर व एर्नेस्ट फूर्नो यांनी १९०१ मध्ये ग्लायसिलग्लायसीन हे द्विपेप्टाइड तयार केले. फिशर यांनी १९०७ मध्ये १८ ॲमिनो अम्लांपर्यंत मजल मारली. दू व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसीन हे ९ ॲमिनो अम्लांचे हॉर्मोन संश्लेषित केले. पण या पद्धतीत मधला प्रत्येक पदार्थ स्वतंत्रपणे शुद्ध करावा लागे. खरी दमछाक जोडणीत नव्हे, तर या शुद्धीकरणात होत असे.

मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये शृंखला अविद्राव्य पॉलिस्टायरीन मण्यांवर बांधली. मणी धुतले की काम झाले. १९६९ मध्ये गुट्टे व मेरिफील्ड यांनी १२४ ॲमिनो अम्लांचे रायबोन्यूक्लीएज याच मार्गाने बनविले. मात्र धुण्याने सदोष शृंखला जात नाहीत. त्या त्याच मण्याला चिकटलेल्या असतात. प्रत्येक पायरी ९९% पूर्ण झाली, तरी १०० पायऱ्यांनंतर निर्दोष शृंखला जेमतेम ३७% उरतात. म्हणून विक्रियाकारके मुबलक वापरावी लागतात.

ट्यूबिंगेन (जर्मनी) येथील एर्न्स्ट बायर व मानफ्रेट मुट्टर यांनी १९७२ मध्ये मण्याऐवजी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे विद्राव्य बहुवारिक घेतले. जोडणी कार्बनी विद्रावकात होई. पण गाळण्यापूर्वी तो उडवून मिश्रण पाण्यात विरघळवावे लागे. याचे कारण पटलांच्या इतिहासात आहे. लोब व सुरीराजन यांनी सु. १९६० मध्ये तयार केलेले सेल्युलोज ॲसिटेटाचे पटल समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी होते. डायमिथिल फॉर्मामाइडासारख्या विद्रावकात ते स्वतःच विरघळते. साहजिकच बायर व मुट्टर यांनी १९७४ मध्ये ईथराने शृंखलेचे स्फटिकीभवन करण्याचा मार्ग पुढे आणला. पटलाची कल्पना चुकीची नव्हती. तिला पेलणारे पटल नव्हते.

ते मिळाले खनिज तेलाच्या धंद्यातून, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९९८ मध्ये टेक्सासमधील ब्यूमाँट येथील मोबिल कंपनीच्या कारखान्यात वंगण तेलातील मेण काढण्यासाठी वापरलेला विद्रावक पॉलिइमाइड पटलांनी परत मिळविण्यास प्रारंभ झाला. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अँड्रू लिव्हिंगस्टन व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉलास बांधलेली पेप्टाइडे सिरॅमिक पटलाच्या साहाय्याने, विद्रावक न बदलता तयार करून दाखविली.

तथापि पटल शंभर टक्के अडवीत नाही, हे या पद्धतीचे मर्मस्थान आहे. मुक्तपणे जाणारी अशुद्धी एक सहस्रांशावर आणण्यास मूळ विद्रावाच्या सु. ७ पट ताजा विद्रावक लागतो. पटल ९९% शृंखला अडवीत असेल, तर तेवढ्यात सु. ७% शृंखला निसटते. पाच ॲमिनो अम्लांसाठी, प्रत्येकी जोडणीनंतर एक व संरक्षक गट काढल्यावर एक, अशी १० धुणी झाल्यास निम्मा माल गेलेला असतो. अडविण्याचे प्रमाण ९९.९% असल्यास हाच तोटा सु. ७% राहतो. यासाठी आधारभूत रेणू आकाराने मोठा असणे श्रेयस्कर ठरते. अनेक शृंखला एकाच मध्यवर्ती विद्राव्य रेणूला जोडण्याची ‘पेपस्टार’ पद्धती २०२१ मध्ये याच गटाने प्रसिद्ध केली.

विद्रावकाचा खर्च मात्र राहतोच. डायमिथिल फॉर्मामाइड प्रजननास अपायकारक असल्याने यूरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. त्यामुळे धुण्यातून बाहेर पडणारा विद्रावक दुसऱ्या, अधिक बारीक छिद्रांच्या पटलाने गाळून त्याच यंत्रणेत परत घेणे इष्ट मानले जाते.