मूल घरी एकटे केव्हा ठेवावे?

कापूस वेचणी सुरू झाली की बेला, जैनथ, भीमपूर भागातल्या अनेक घरांत हा प्रश्न उभा राहतो. आईवडील दोघेही शेतात, मूल शाळेतून परत येते आणि घरी कोणी नसते. आजी-आजोबा असतील तर काळजी मिटते. नसतील तर काय करावे, असे सभासद आम्हाला नेहमी विचारतात. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

कायदा काय सांगतो?

मूल कितव्या वर्षापासून एकटे राहू शकते, हे भारतात कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये १२ वर्षांचा उल्लेख आहे, पण ते कलम मूल कायमचे टाकून देण्याच्या हेतूने सोडण्याबद्दल आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार मात्र मुलाला त्रास होईल अशी जाणूनबुजून हेळसांड करणे हा गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

वयापेक्षा तयारी पाहावी

दहा वर्षांचे एखादे मूल शांतपणे राहते, तर तेराचे घाबरते. म्हणून आधी हे पाहावे:

- कडी-कुलूप स्वतः लावता-उघडता येते का?
- आईवडिलांचा फोन नंबर पाठ आहे का?
- अनोळखी माणसाला दार उघडायचे नाही, हे ते खरोखर पाळते का?
- चूक झाली तर लपवते, की सांगते?
- एकटे राहायला ते स्वतः तयार आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर बाकी सगळी उत्तरे 'हो' असूनही थांबावे.

आपल्याकडची खास काळजी

फवारणीचे औषध आणि रिकामे डबे कुलपात ठेवावेत. घरात कापूस साठवला असेल तर त्या खोलीला कुलूप लावावे. ढिगात लपण्याचा खेळ जिवावर बेतू शकतो आणि एका ठिणगीने कापूस पेटतो. चूल विझवावी, सिलिंडरचा कॉक बंद करावा, हौद झाकावा.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. फोनवर पलीकडून तेलुगूतच बोलणे होण्याची शक्यता जास्त. मराठी शाळेतल्या मुलांकडून आपले गाव, मंडल आणि दोन वाक्ये घोकून घ्यावीत: 'माकु सहायं कावालि' म्हणजे आम्हाला मदत हवी आणि 'पामु करिचिंदि' म्हणजे साप चावला.

सवय हळूहळू लावावी

आधी दुकानात जाऊन येईपर्यंत, मग तासभर, मग एक दुपार. परत आल्यावर काय झाले ते शांतपणे विचारावे. शेजारच्या काकूंना कळवूनच बाहेर पडावे. पैनगंगेपलीकडे लग्नाला जाऊन मुक्काम करायचा असेल, तर मुलाला सोबत न्यावे किंवा नातेवाइकांकडे ठेवावे. रात्री एकटे ठेवू नये.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरल्या मुलीला घरी ठेवणे म्हणजे दोन मुलांना एकटे ठेवणे. त्यासाठी तिची शाळा बुडवू नये. शेजारच्या चार घरांनी पाळी लावली, तर रोज एक मोठे माणूस मुलांजवळ राहू शकते.