ध्वनीची कृती: तबल्याच्या शाईपासून सिंथेसायझरच्या पॅचपर्यंत

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ सालच्या प्रकाशविषयक शोधाचे देशभर स्मरण होते. त्याच्या आठ वर्षे आधी त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले होते. त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. विषय होता आपली चर्मवाद्ये. त्या टिपणाकडे मी पुन्हा वळलो, त्याला निमित्त झाले घरातल्या कीबोर्डचे.

पीएच.डी.च्या दिवसांत मी घरगुती सिंथेसायझरवर तानपुऱ्याचा एक ध्वनी तयार केला होता. तीन ध्वनी एकावर एक चढवून, त्यांचे प्रमाण रात्र रात्र जुळवून तो सिद्ध झाला होता. एका गाणाऱ्या मित्रालाही मी तो पाठवला आणि कित्येक महिने त्याचा रियाज त्यावर चालला. पुढे ते यंत्र निकामी झाले. फाइल जपून ठेवलेली होती. नवा कीबोर्ड आणल्यावर ती त्यात घातली, तर त्याला ती ओळखताही येईना. ध्वनी कानात होता, फाइल हातात होती, पण त्या फाइलमधून ध्वनी परत मिळण्याचा मार्ग उरला नव्हता. घडवलेला ध्वनी जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे? या प्रश्नाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रारंभ तबल्यापासून करू. सर्वत्र सारख्या जाडीचा वर्तुळाकार पडदा ताणून त्यावर आघात केला, तर त्याच्या कंपनांच्या वारंवारता बेसेल फलांच्या शून्यस्थानांवरून ठरतात. मूळ वारंवारता १ मानली, तर पुढील वारंवारता १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा येतात. त्या पूर्णांकी पटीत नसल्यामुळे अशा पडद्यातून नाद निघतो, पण त्यात स्वर स्पष्टपणे ऐकू येत नाही. मग तबल्याचा स्वर येतो कोठून? उत्तर पुडीवरच्या शाईत आहे. कारागीर लोहचूर्ण आणि खळ यांचे मिश्रण थरावर थर देत लावतो, प्रत्येक थर दगडाने घोटतो, आणि मध्यभागी पुडी जड होते. रामन यांनी १९२० च्या टिपणात आणि पुढे १९३४ च्या विस्तृत निबंधात दाखवले की या भारामुळे पुडीच्या कंपनप्रकारांची जणू पुनर्रचना होते. पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपनांच्या आकृत्या टिपल्या. नऊ कंपनप्रकार पाच गटांत एकवटतात आणि त्या पाच गटांच्या वारंवारता १, २, ३, ४, ५ या प्रमाणात येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कारागिराचे ज्ञान हातात होते. त्याने ते शिष्याच्या हाती दिले. रामन यांनी त्याच ज्ञानाची कारणे शब्दांत, आकृत्यांत आणि आकड्यांत मांडली. म्हणूनच ज्याने पुडीला कधी हात लावलेला नाही, असा विद्यार्थीही आज तो प्रयोग पुन्हा करू शकतो.

यानंतरचा टप्पा अहमदाबादचा. १९६९ साली तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवण्यात आला आणि इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्या यंत्राला स्मृती नव्हती. दोलक, गाळणी, प्रवर्धक असे सुटे विभाग वायरींनी एकमेकांस जोडायचे, बटणे फिरवायची आणि ध्वनी घडवायचा. या जोडणीलाच ‘पॅच’ म्हणत. आजच्या कीबोर्डवरील ध्वनीला ‘पॅच’ हे नाव पडले ते त्या वायरींमुळे. वायरी काढल्या की ध्वनी संपला. तो पुन्हा हवा असेल, तर कोणती वायर कोठे होती आणि कोणते बटण किती फिरवले होते, हे कागदावर उतरवून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या स्टुडिओतील ध्वनिफिती अनेक दशके संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासातील हा मोलाचा ठेवा आहे. तरीही फितीची मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. फितीमध्ये ध्वनी असतो, ध्वनीची कृती नसते. जेवणाचे छायाचित्र पाहून पदार्थ रांधता येत नाही. तसेच फितीवरून त्या ध्वनीत एक नवा स्वर वाजवता येत नाही.

यंत्राला स्मृती लाभली ती १९७८ मध्ये. त्या वर्षी आलेल्या ‘प्रॉफेट-५’ या सिंथेसायझरमध्ये सूक्ष्मप्रक्रियक होता आणि बटणांच्या ४० जुळण्या त्यात साठवता येत. येथे ध्वनीचे रूपांतर आकड्यांच्या यादीत झाले. १९८१ च्या ‘ज्युपिटर-८’ मध्ये अशा दोन याद्या एकाच पट्टीखाली ठेवण्याची सोय होती. एक स्वर दाबावा आणि दोन ध्वनी एकत्र उमटावेत. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली राग आणि डिस्को यांचा मेळ घालणारी जी ध्वनिमुद्रिका केली, तीत हेच वाद्य वापरलेले आहे.

आकडे एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायचे, तर दोघांची भाषा एक हवी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात अमेरिकन ‘प्रॉफेट-६००’ आणि जपानी ‘ज्युपिटर-६’ एका तारेने जोडले गेले. एकावर वाजवले, दुसरे वाजू लागले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने साकारलेली ही भाषा म्हणजे ‘मिडी’. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एक मानक स्वीकारल्याचे असे उदाहरण विरळाच.

त्याच वर्षी यामाहाचा ‘डीएक्स७’ आला, आणि येथे बेसेल फले पुन्हा भेटतात. स्टॅनफर्डमधील संगीतकार जॉन चाउनिंग १९६७ साली संगणकावर स्वराचा कंप वाढवत नेत होते. कंप अतिशय जलद आणि खोल झाला, तेव्हा तो कंप म्हणून ऐकू येईना. स्वराचा पोतच पालटला. मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना नव्या वारंवारता उमटल्या होत्या, आणि त्यांची तीव्रता बेसेल फलांनी ठरत होती. दोन दोलकांच्या वारंवारतांचे गुणोत्तर साधे पूर्णांकी असेल, तर सुरेल ध्वनी; नसेल, तर घंटा किंवा ढोल. शाईवाल्या आणि बिनशाईच्या पुडीतील भेद गणिताच्या दुसऱ्या दाराने येथे शिरला होता.

डीएक्स७ मध्ये ३२ ध्वनी साठत, आणि ते सर्व मिडीवरून पाठवायला ४,१०४ बाइट पुरत. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, आणि प्रत्येक बाइटला १० बिट लागतात. म्हणजे ३२ ध्वनींचा संपूर्ण संग्रह सुमारे १.३ सेकंदात दुसऱ्या यंत्रात पोहोचतो. ध्वनी वाटून घेण्याची परंपरा घरोघरच्या वादकांपर्यंत गेली, ती या सुलभतेमुळे. डीएक्स७ एका वेळी एकच ध्वनी देई. म्हणून दोन कीबोर्ड मिडीने जोडून थर रचण्याची रीत रूढ झाली. १९८७ च्या ‘रोलँड डी-५०’ ने एकाच यंत्रात चार थर दिले. स्वराच्या आरंभीच्या क्षणांवरून कान वाद्य ओळखतो, हे हेरून आरंभासाठी खऱ्या ध्वनीचे अल्प मुद्रण आणि पुढील भागासाठी संश्लेषित ध्वनी, अशी युक्ती त्यात होती. महागड्या स्मृतीची बचत झाली आणि ध्वनीही जिवंत वाटला.

थर रचताना भौतिकशास्त्र कसे साह्य करते, हे माझ्या तानपुऱ्यावरून सांगतो. तार मध्यावर छेडली, तर सम क्रमांकाचे स्वरांश उमटू नयेत, असे जुना नियम सांगतो. तानपुऱ्यात ते ठळक ऐकू येतात, कारण जवारी आणि तिच्यावरचा दोरा. हेही रामन यांनी १९२१ साली नोंदवले होते. म्हणून केवळ छेडलेल्या तारेचा ध्वनी निवडून भागत नाही. वरच्या स्वरांशांचा वेगळा थर हवा. दुसरी गोष्ट स्पंदांची. काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा. त्याच ध्वनीची दुसरी प्रत ४ सेंट चढी ठेवली, तर मूळ वारंवारतेत तीन सेकंदांना एक स्पंद येतो, आठव्या स्वरांशात मात्र सेकंदाला अडीच. प्रत्येक स्वरांश आपापल्या गतीने उजळतो आणि मावळतो. तानपुऱ्याची झळाळी थोडीफार अशीच भासते.

हे सारे माझ्या फाइलमध्ये होते, पण ज्या सांकेतिक रूपात होते ते एकाच यंत्राला कळत होते. मिडीने स्वर पाठवण्याची भाषा एक केली; ध्वनीची अंतर्गत रचना मात्र प्रत्येक निर्मात्याने आपल्या पद्धतीने लिहिली. त्यामुळे माझी दहा-बारा वर्षांची फाइल मुकी झाली आणि रामन यांचे शतकापूर्वीचे टिपण आजही बोलते आहे. प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो की केवळ निष्पत्ती देऊ नका, पद्धती लिहा; दुसऱ्याला ती पुन्हा करता आली पाहिजे. घरी कीबोर्डपुढे बसल्यावर मीच ते विसरलो होतो.

म्हणून कानाच्या आधारे तो ध्वनी पुन्हा जुळवला आणि या वेळी साध्या शब्दांत लिहून ठेवला. पहिला थर: छेडलेल्या तारेचा ध्वनी, पूर्ण तीव्रतेने. दुसरा थर: तोच ध्वनी, ४ सेंट चढा, ३ डेसिबेलने कमी. तिसरा थर: हार्मोनियमसारखा धारदार ध्वनी, एक सप्तक वर, १२ डेसिबेलने कमी, अर्ध्या सेकंदात हळूहळू चढणारा. एवढे कोणत्याही थर-सोय असलेल्या कीबोर्डवर रचता येईल. मित्राला या खेपेस फाइल पाठवली नाही. या चार ओळी पाठवल्या. त्याचे यंत्र निराळ्या बनावटीचे आहे, तरी दुसऱ्या दिवशी त्याचा षड्ज त्यावर लागला होता.

आपणही एखादा ध्वनी घडवला असेल, तर फाइलसोबत त्याची कृती लिहा आणि खाली प्रतिक्रियेत द्या. यंत्रे जातील, लिहिलेली कृती दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पुन्हा वाजेल.