पटावर यंत्राचा मुतालिक

बुद्धिबळाच्या पटाशी एक गृहस्थ बसले आहेत. मोहरी तेच हलवितात, घड्याळाची कळ तेच दाबतात, समोरच्याची खेळी तेच टिपून घेतात. आणि तरीही डाव त्यांचा नव्हे, कारण चाल ठरविण्याचा यत्किंचित अधिकार त्यांना नाही. मनुष्य आणि संगणक यांच्या सामन्यांची कुळकथा सांगताना लोक बहुधा जेत्यांची नावे घेतात. मला मात्र या कथेचा नायक हा यंत्राचा मुतालिकच वाटतो, कारण यंत्राला माणसांच्या पंक्तीस बसविण्याची जी रीत पडली, तिची सारी प्रतिष्ठा त्याच्या सचोटीवर उभी राहिली.

१९६७ च्या जानेवारीत रिचर्ड ग्रीनब्लाट यांनी एमआयटीत रचलेला ‘मॅक हॅक’ हा प्रोग्रॅम बॉस्टनमधील एका स्पर्धेत माणसांसमोर उतरला. पाचांपैकी चार डाव हरला, एक बरोबरीत सोडविला, आणि एवढ्या अल्प यशावरही अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने त्याला सन्माननीय सभासद करून घेतले. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये केवळ संगणकांची स्पर्धा भरली, तेव्हा बहुतेक अवजड यंत्रे आपापल्या गावीच राहिली. पटाशी बसलेला मनुष्य टेलिफोनवरून खेळी कळवी, आणि दूरच्या यंत्राचे उत्तर येईपर्यंत हात आवरून बसे. आज ज्याला आपण ऑनलाइन सामना म्हणतो त्याचे बीज मला या टेलिफोनात दिसते.

पुढे १९८६ ते १९९७ या काळात हॉलंडमधील हेग शहरी ‘एगॉन’ स्पर्धा भरत असे. तिचा दस्तुर असा की माणसाची गाठ माणसाशी नाही आणि यंत्राची यंत्राशी नाही. प्रत्येक फेरीत एका बाजूस मनुष्य, दुसऱ्या बाजूस संगणक, आणि संगणकामागे त्याचा मुतालिक. १९९२ पासून इंटरनेटवर बुद्धिबळाचे सर्व्हर सुरू झाले आणि तेथे ही मधली खुर्चीच नाहीशी झाली. प्रोग्रॅम थेट पटाशी येऊन बसला. तेव्हा संयोजकांनी शहाणपणाने नियम घातला, की यंत्राच्या खात्यापुढे कंसात इंग्रजी ‘सी’ हे अक्षर असलेच पाहिजे. समोर कोण आहे याची रुजवात खेळापूर्वीच व्हावी, एवढाच त्याचा हेतू. तो मोडून माणसाच्या नावाआड यंत्र खेळविणे ही मी निखालस चोरी समजतो.

यंत्राचे साहाय्य घेणे मात्र मुळीच निंद्य नव्हे. आमच्या कर्जत स्थानकात पुण्याकडे निघालेल्या गाडीच्या पाठीस सर्वांदेखत बँकर इंजिने जोडतात, धक्का बसल्याचे प्रवाशांना डब्यात कळते, आणि सदतिसास एक हा बोरघाटाचा चढ ती गाडी त्या बळावर चढते. यात कोणी लबाडी पाहत नाही. अशाच उघड जोडणीचा, म्हणजे संगणकाचा सल्ला घेत खेळण्याचा, डाव ग्रँडमास्टर कास्पारोव्ह यांनी १९९८ साली स्पेनमधील लेऑन येथे टोपालोव्हविरुद्ध मांडला, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे विश्वनाथन आनंद यांनी कार्पोव्हचा ५-१ असा पराभव केला. २००५ च्या ऑनलाइन ‘फ्रीस्टाइल’ स्पर्धेत तर माणूस, यंत्र वा दोघेही अशी पूर्ण मुभा होती. ग्रँडमास्टरांना मागे सारून ती दोन अमेरिकी हौशी खेळाडूंनी साध्या संगणकांच्या बळावर जिंकली, कारण कोणत्या यंत्राचे केव्हा ऐकावे हे त्यांना उत्तम साधले होते.

जोडणी उघड असली तरी ऑनलाइन सामन्यास वीज आणि संपर्क लागतोच. खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून मुंबईस वीज पुरवीत आले. परंतु पावसाळ्यात खालापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत वीज गेली की मोबाइलचा मनोरा मुका होतो, आणि पटावरचे घड्याळ तेवढे चालत राहते. ही अडचण केवळ आमच्या घाटापायथ्याची नव्हे. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारताचे निहाल सरीन आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांचा संपर्क ऐन डावात तुटला, वेळ संपून दोघांचे डाव गेले. नाशिकचे विदित गुजराथी ज्याचे कर्णधार होते त्या भारतीय संघाने दाद मागितली, आणि भारत व रशिया यांना संयुक्त विजेते ठरविण्यात आले. म्हणून कर्जतच्या वा खोपोलीच्या एखाद्या शाळेने मनुष्य आणि प्रोग्रॅम यांचा ऑनलाइन सामना योजला, तर माझे आग्रहाचे सांगणे असे की, संपर्क तुटल्यास घड्याळ थांबेल की चालेल, डाव पुन्हा मांडला जाईल की नाही, आणि यंत्राच्या बाजूने जबाबदार मनुष्य कोण, ही कलमे पहिल्या खेळीपूर्वीच उभय पक्षांच्या सहीनिशी पंचांच्या दप्तरी दाखल व्हावीत.