सावलीवरून बाजूला व्हा

सिन्नरात उतरलात, पण ओळखीच्या खुणा शोधू नका. बसस्टँड नाही, मुसळगावची औद्योगिक वसाहत नाही, गोंदेश्वराचं शिखरही नाही. देऊळ अजून बांधायचंय. राज्य यादवांचं, महिना चैत्र, आणि काळ्या दगडावर तळवा टेकलात तर चटकन उचलाल असं ऊन.

आधी कान बधिर होतात. छिन्नी-हातोड्यांचा खणखणाट, वजनाखाली कुरकुरणारे गाडे, बैलांवर ओरडणारी माणसं. लोहाराच्या भात्याची झळ पोटऱ्यांना लागते. घाम, शेण आणि फुटलेल्या दगडाची धूळ नाकात एकदमच शिरते. कुणी ज्वारीची भाकरी पुढे केली तर खुशाल घ्या, फक्त मिरची मागू नका. ती या देशात यायला अजून काही शतकं आहेत. चहाचं तर नावच काढू नका.

तुमची पॅंट बघून पोरं मागे लागलीत. त्यांना चुकवत तुम्ही मोकळ्या जागेत येता आणि कुणीतरी खेकसतं. बोली जुनी, पण अर्थ लख्ख कळतो: सावलीवरून बाजूला हो!

खेकसणारा सूत्रधार आहे, म्हणजे देवळाची आखणी करणारा प्रमुख. पायाशी पाणी ओतून सपाट केलेली जमीन, तिच्यावर दोरीने आखलेलं वर्तुळ, मधोमध बारा अंगुळांचा, म्हणजे वीतभर उंचीचा लाकडी शंकू. सकाळी शंकूच्या सावलीचं टोक पश्चिमेकडून आत येताना वर्तुळाला जिथे टेकलं, तिथे खूण झालीय. आता दुपार कलेपर्यंत बसायचं. डोकं तापतं, घसा कोरडा पडतो, खिशातला फोन रेंज शोधून थकतो. शेवटी टोक पूर्वेकडून बाहेर पडतं, दुसरी खूण. दोन्ही खुणा सुतानं जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली! दिवसभरात सूर्यही जरा उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणून रेषा किंचित चुकते. तिची दुरुस्ती भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिली आहे.

आणखी एक गंमत. दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी भर दुपारी इथे या शंकूची सावली सव्वाचार अंगुळांहून जराशी जास्त भरते. ज्योतिषी तिला पलभा म्हणतात. उत्तरेला जाल तशी ती वाढते. म्हणजे वीतभर लाकूड तुम्ही पृथ्वीवर किती उत्तरेला उभे आहात तेही सांगतं.

आता थेट आजच्या काळात उडी मारा. सूर्य कोणत्या दिशेला आहे ते ओळखणाऱ्या, उपग्रहावरच्या सूर्यसंवेदकाचं काम याच जातीचं. बंगळूरची इस्रोची ‘लिऑस’ प्रयोगशाळा असे संवेदक बनवते. त्यांच्या एका साध्या प्रकारात वर बारीक भोक आणि खाली सिलिकॉनचे चार चौकोन असतात. ऊन सरकलं की एका चौकोनात वीज जास्त, समोरच्यात कमी. त्या फरकावरून सूर्याचा कोन कळतो. कॅमेऱ्याच्या चिप ज्या पद्धतीने बनतात, त्याच पद्धतीने हे चौकोन आणि त्यांचा हिशेब करणारं सर्किट एकाच तुकड्यावर बसवता येतं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: ऊन किती कडक आहे ते दोघांनाही नको असतं, सूत्रधाराला नाही आणि चिपलाही नाही. ऊन कुठून आलं, एवढंच हवं.

चला, सिन्नरात परत या, पण आजच्या. गोंदेश्वराचं मुख्य मंदिर पूर्वेकडे तोंड करून उभं आहे. १९-२० मेच्या सुमारास सिन्नरात असाल तर दुपारी साडेबाराला अंगणात एक काठी अगदी सरळ रोवून बघा. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. सावली काठीच्या बुडाशीच गडप होते.