सामुदायिक नभोवाणी : संस्कृतीला मुभा, राजकारणाला मज्जाव

प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पष्ट केले आणि प्रसारणावरील शासकीय एकाधिकाराचा तात्त्विक पाया ढासळला. तथापि परवाने प्रथम शिक्षणसंस्थांनाच मिळाले. त्यांतून १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नई येथे अण्णा विद्यापीठाचे 'अण्णा एफएम' सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांना ही संधी २००६ च्या धोरणाने दिली. त्यानुसार १५ ऑक्टोबर २००८ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात, माचनूर येथे 'संघम् रेडिओ' कार्यान्वित झाला. दलित ग्रामीण स्त्रियांनी चालविलेल्या या केंद्रावर शेती, बियाणे, आरोग्य व लोकगीते हे विषय स्थानिक तेलुगू बोलीत येत.

राजकीय स्वरूपाच्या बातम्या व चालू घडामोडी मात्र धोरणाने वर्ज्य ठरविल्या. संस्कृती आणि राजकारण यांची अशी फारकत शक्य आहे, हे त्यामागील गृहीतक होय. माचनूरचे उदाहरण ते खोडून काढते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा शब्द गावात मोजला गेला नाही, त्या स्त्रियांनी पारंपरिक बियाण्यांविषयी स्वतःच्या आवाजात अधिकाराने बोलणे, ही मूलतः राजकीय कृती ठरते. लहरी सार्वजनिक असतील, तर त्यांवरून सार्वजनिक प्रश्नांची चर्चा वर्ज्य का असावी? १९९५ च्या निर्णयातून उद्भवणाऱ्या या प्रश्नाला धोरणाने उत्तर दिलेले नाही.