विंचूदंशाचे संशोधन आणि सायटेशनचा हिशेब : डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या शोधनिबंधांच्या निमित्ताने

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राच्या इतिहासलेखनात संशोधकाचे चरित्र आणि त्यास लाभलेले सन्मान यांचा विचार पुष्कळ होतो. त्याच्या शोधनिबंधांची यादी मात्र परिशिष्टात पडून राहते. ही यादी इतिहासाचे साधन म्हणून वाचता येईल काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरील लेखन निवडले आहे. जालना जिल्ह्यातील देहेड हे त्यांचे जन्मगाव. (१९५१ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता, हा मुलूख हैदराबाद राज्यात मोडत होता.) नागपूर व पुणे येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसर ही आपली कर्मभूमी मानली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मोजपट्टीचा उगम :
यूजीन गारफील्ड यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचीत कोणत्या पत्रिका घ्याव्यात हे ठरविण्याच्या खटाटोपातून इम्पॅक्ट फॅक्टर जन्मास आला. पत्रिकेतील मागील दोन वर्षांच्या लेखांचा एका वर्षात सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच तो सांगतो. पुढे पत्रिकेची ही मोजपट्टी व्यक्तीला लावली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टरनुसार शोधनिबंधास वाढीव गुण होते, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगावयास नको.

या मोजपट्टीवरही डॉ. बावस्कर उणे पडत नाहीत. 'लॅन्सेट' आणि 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' ही नावे त्यांच्या यादीत आहेत. प्रश्न आहे तो या गुणांच्या बेरजेत काय दिसत नाही याचा.

शोधनिबंधांचा क्रम :
१९८२ च्या 'लॅन्सेट'मधील निबंधात लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वचिन्हे नोंदविली आहेत. ओकारी, भरपूर घाम, थंडगार हातपाय ही लक्षणे ओळखली तर पुढील धोका आधीच कळतो. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसदृश द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. हे आकलन झाल्यावर पुढचे पाऊल सुचले. रक्तदाबावरील प्रझोसिन हे औषध नेमके आकुंचनाच्या त्या मार्गावर अडसर घालते. त्याविषयीचा निबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. तोंडाने घ्यावयाची ही स्वस्त गोळी अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणीही देता येत होती. ग्रामीण भागात तिचे मोल यातच आहे. प्रझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते पुढे एक टक्क्याच्या आसपास आले, असे डॉ. बावस्कर यांचे लेखन सांगते. ही आकडेवारी उपचार करणाऱ्यानेच मांडलेली असल्याने इतिहासकाराने ती सावधपणे घ्यावी. रुग्ण लवकर दवाखान्यात पोचू लागणे हेही एक कारण असू शकते. तथापि घट एवढी मोठी आहे की औषधाचा वाटा नाकारणे कठीण.

आता सायटेशनकडे वळू. निबंधाचा उल्लेख तोच करतो, जो स्वतः निबंध लिहितो. हृदयविकारावर लिहिणारे जगभर आहेत. लाल विंचू ज्याला डसतो तो भाताच्या पेंढ्यात हात घालणारा शेतमजूर, आणि त्याच्यावर उपचार करणारा प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर सहसा लेखक नसतो. त्याने निबंध वाचला, गोळी दिली, रुग्ण घरी गेला. त्याची नोंद झालीच तर ती केसपेपरवर. दोन वर्षांची मुदत तर येथे निव्वळ निरर्थक ठरते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती २०११ ची घटना. विंचूदंशावरील प्रतिविष उपयुक्त आहे काय, याविषयी जगात वाद होता. ट्युनिशियातील चाचणीने (१९९९) सरसकट वापराचा लाभ दिसत नसल्याचे सांगितले, तर ॲरिझोनातील चाचणीत (२००९) तेथील विंचवाच्या दंशावर प्रतिविष गुणकारी ठरले. अशा वेळी डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना केवळ प्रझोसिन, निम्म्यांना प्रझोसिनसह प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्या गटात ३२. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. म्हणजे ज्या गोळीने नाव दिले, ती एकटी पुरेशा वेगाने काम करीत नाही, हे तिच्या पुरस्कर्त्यानेच आकड्यांनिशी दाखविले. गुणांच्या तक्त्यात १९८६ चा निबंध एक आणि २०११ चा दुसरा, अशी बेरीज होते. दुसरा निबंध पहिल्याला दुरुस्त करतो, हे त्या तक्त्यात कोठेच उमटत नाही.

अशा अभ्यासाची अस्सल साधने पत्रिकांच्या सूचीबाहेरही आहेत. कोकणातील व मराठवाड्यातील आरोग्य केंद्रांच्या जुन्या नोंदवह्यांत विंचूदंशाच्या रुग्णास कोणत्या वर्षापासून प्रझोसिन दिले गेले, हे शोधता येईल. त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी हे काम व्हावयास हवे.