वीज मुंबईला, पाणी चौलला

चौलचा इतिहास म्हटला की लोक पोर्तुगीज, कोर्लईचा किल्ला आणि रामेश्वर इथवर येऊन थांबतात. मला आज जरा वेगळा इतिहास सांगायचा आहे. माणसांच्या हातातल्या कसबाचा, आणि ते कुठे गेलं याचा.

कान्हेरीच्या लेखांतलं चेमुल, 'पेरिप्लस'मधलं सेमिल्ला, अरबांचं सैमूर... हे सगळं आपलं चौलच. हे बंदर शतकानुशतकं चाललं ते वाऱ्यावर. नैर्ऋत्येचा वारा घेऊन गलबतं यायची, ईशान्येचा सुटला की परतायची. आजच्या भाषेत ही 'स्वच्छ ऊर्जा'च म्हणायची! पण नुसत्या वाऱ्याने गाव श्रीमंत होत नाही. इथे रेशीम विणणारे होते, त्यांचं कापड दूरदेशी जायचं. सतराव्या शतकात इंग्रज मुंबई वसवू लागले तेव्हा चौलचे विणकर तिकडे जाऊन स्थायिक झाले. बंदर खाडीतल्या गाळाने बुडालं, असं आपण पाठ केलेलं असतं. माझ्या मते माग उठले, हेही तेवढंच मोठं कारण.

दुसरी गोष्ट विजेची. लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण केली. १९२७ साली भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. त्याच्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. १९२१ साली सुरू झालेला, सेनापती बापटांनी गाजवलेला सत्याग्रह त्याचाच. आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात तयार झालेली वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. भिऱ्याला चक्रं फिरवून झालेलं पाणी मात्र कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे आमच्या दारात, समुद्राला मिळतं. वीज मुंबईला, पाणी आम्हाला! आणि विजेमागोमाग कोकणातले तरुणही गिरण्यांकडे गेले.

आता तिसरी गोष्ट चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना आणली. तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल बाहेरून येणार, इन्व्हर्टर बाहेरून येणार. मग गावाला राहतं काय? बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम. आमच्याकडे खाऱ्या हवेने लोखंड दोन पावसाळ्यांत गंजायला लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात नारळी-पोफळी आणि विजेचे खांब एकदमच आडवे झाले आणि कित्येक दिवस अंधार होता. अशा ठिकाणी सैल झालेला एक जोड आवळायला पुण्याहून कोण येणार?

त्यासाठी शिक्षण उपलब्ध आहे. २०१५ पासून 'सूर्यमित्र' हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री, तारतंत्री यांच्या जोडीला सौर तंत्रज्ञाचा वर्षभराचा अभ्यासक्रमही आला आहे.

यावर कोणी म्हणेल, शिकवलं की पोरं जातातच. खरं आहे. १९८९ साली लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं, तरी इंजिनिअर झालेला मुलगा पुण्या-मुंबईचीच गाडी पकडतो. शाळेत शिकवताना मी हेच पाहत आलो, की हुशार मुलगा म्हणजे गाव सोडणारा मुलगा, असं आपण गृहीतच धरलेलं असतं. पण या कामात एक फरक आहे. माग उचलून नेता येतो, वीज तारेतून नेता येते. छप्पर काही मुंबईला नेता येत नाही! त्याची देखभाल जवळच्याच माणसाला करावी लागते. मात्र नुसतं प्रमाणपत्र देऊन भागणार नाही. ग्रामपंचायत, शाळा, दवाखाने यांनी आपल्या छपरांचं काम याच मुलांना दिलं, तरच ती टिकतील.

रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, अग्निकुंड आणि वायुकुंड अशी तीन कुंडं आहेत. वाऱ्यावर आपण बंदर चालवलं, पाण्याची वीज दुसऱ्यांना दिली. उन्हाचं काय करायचं ते अजून आपल्या हातात आहे. तेव्हा घरातलं एखादं मूल आय.टी.आय.ला जातो म्हणालं, तर नातेवाईक मंडळींनो, कृपा करून नाक मुरडू नका.